सहा स्टेन्सिलं

मुख्याध्यापिका लीलाबाईंनी शाईने माखलेली सहा स्टेन्सिलं एकेक मोजून घमेल्यात टाकली. वडगावच्या शाळेत उद्या सातवीची केंद्र परीक्षा होती. प्रश्नपत्रिका छापून कपाटात बंद झाल्या होत्या. ज्यांवरून छापल्या ती स्टेन्सिलं तेवढी दोघांदेखत जाळायची राहिली होती. एवढ्यात फाटकाशी तपासणीच्या साहेबांची जीप वाजली.

"सोपानराव, तुमच्यासमोर जळू द्या. मी आलेच," म्हणत बाई लगबगीने गेल्या.

शिपाई बहिरूने आगपेटी काढली.

"थांब की जरा." कारकून सोपानरावाने दार लोटलं, चिमटीत धरून एक स्टेन्सिल उचललं आणि खिडकीच्या उजेडाला लावलं. काळ्या कागदात पांढरी अक्षरं उमटली. "गणित! माझा भाचा गणितात पार दगड हाय, बहिरू. पाच मिन्टं दे. उतरून घेतो."

"ठिवा ते, भाऊ."

"आरं, तुझी हिरी बी बसतीया ना? तिलाबी देतो उतरून. वाडीवरची पोर केंद्रात पयली यील. कुनाला कळतंय?"

बहिरूच्या हातात काडी तशीच राहिली. हिरी पहिली. मग तळेगावचं हायस्कूल. घमेल्यातलं एक पाच मिनिटं उशिरा जळालं, तर राखेला कोण विचारणार होतं?

"भाऊ, गेल्या साली हिरीचा पयला नंबर आला. तवा चावडीवर काय म्हनला व्हता तुमी?"

सोपानरावाने नजर स्टेन्सिलवरच ठेवली.

"'बाप शिपाई हाय, पेपर घरी गेला आसंल.' लोक लय हसलं. पोर आठ दिस शाळंत आली न्हाई. म्हनून औंदा ही काडी मी बाईंकडनं मागून घेतली."

"थट्टेत बोललो रं," म्हणत सोपानराव खिशात पेन्सिल चाचपू लागला.

बहिरूने दाराला कडी घातली आणि दाराला पाठ लावून उभा राहिला. "कागूद हितनं भायेर जायचा न्हाई. उतरल्याला बी न्हाई."

"आन् मीच म्हनलो, बहिरूनं काढून घेतलं, तर? खरं कुनाचं मानतील, तुझं का माझं?"

कुणाचं मानतील ते बहिरूला ठाऊक होतं. तो हलला नाही.

"अक्षर तरी वाचता येतं का रं तुला? मोठा राखणदार!"

"न्हाई. पर सहापत्तोर मोजता येतं."

व्हरांड्यात चपला वाजल्या. सोपानरावाने स्टेन्सिल घमेल्यात टाकलं. बहिरूने कडी काढली.

"अजून पेटवलं नाहीत?" लीलाबाईंनी विचारलं.

"तुमी आदी मोजा, बाई."

बाईंनी दोघांकडे पाहिलं. मोजलं. सहा. मग त्यांची नजर सोपानरावाच्या काळ्या चिमटीवर थांबली.

"हात धुऊन घ्या, सोपानराव. आणि उद्या परीक्षेच्या खोल्यांकडे फिरकू नका."

मेणकागद भसकन पेटला. बहिरूने काठीने राख पार चुरा होईपर्यंत मोडली.

दिवेलागणीला तो घरी पोचला, तेव्हा हिरी गणिताचं पुस्तक घेऊन बसली होती. तिने पुस्तक पुढे केलं. "बा, ह्यातलं काय यील रं उद्या? तू व्हतास की तितं."

"मला काय ठावं? मी निस्तं मोजलं."

राखेने तीनदा घासूनही त्याच्या नखांत छपाई करताना लागलेली शाई उरली होती. त्याने पुस्तकाला हात लावला नाही. चिमणी तेवढी तिच्याकडे सरकवली.