उतरलेला सूर

“आधी त्याला वाजवू दे,” धाकटी म्हणाली.

“आधी तिला,” दादा गाडीच्या खिडकीबाहेर बघत म्हणाला.

दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला. सिनेमा विनोदी होता. फुटलेल्या वाद्यवृंदातली माणसं एका गाडीतून निघतात आणि भांडत भांडत पुन्हा एक होतात. ही गोष्ट ज्यांची, त्या खऱ्या बहीण-भावांनी शेवटच्या दृश्यात वाजवायचं होतं. गाडी रस्त्याच्या कडेला उभी होती, कॅमेरा तयार होता, आणि दोघांत अजून विस्तव जात नव्हता.

भांडण आईच्या अकॉर्डियनवरून झालेलं. त्याचा सूर जरासा उतरलेला. पण तो आईचा सूर, म्हणून धाकटी त्याला कुणाला हात लावू देत नसे, म्हणून दरवेळी दादाच व्हायोलिनच्या तारा सैल करून त्याच्यापर्यंत खाली यायचा. एकदा भर कार्यक्रमात तो म्हणाला, “तुझ्या या खोक्यापायी मी जन्मभर बेसूर वाजवणार नाही.” व्यासपीठावरून उतरला, तो गेलाच.

आज धाकटी पक्कं ठरवून आली होती. दादाला परत न्यायचंच. त्यासाठी वर्षभर बसून तिने अकॉर्डियनच्या आतली एकेक धातूची पट्टी स्वतः घासली होती. पट्टी टोकाशी घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. तिने सगळ्या टोकाशी घासल्या. आईचा सूर त्यात गेला. गेला तर गेला, असं तिने मनाला बजावलं होतं.

“बरं, मीच,” म्हणत तिने भाता ओढला.

सूर लख्ख निघाला, बिनचूक. दादा दचकला. त्याने घाईने तारेवर गज फिरवला. त्याचा सूर खाली होता, अगदी पूर्वीच्या जागी.

“खोकं नीट केलंस तू?”

“आणि तुझ्या तारा अजून सैलच?”

“दोन वाद्यवृंदांनी हाकललं मला यापायी,” दादा पुटपुटला. “कान तिथून हलतच नाही. थांब, चढवतो.” त्याचा हात खुंटीकडे गेला.

“खुंटीला हात तर लावून बघ, दादा!” धाकटीने दटावलं.

“अहो ताई,” दिग्दर्शक कळवळला, “त्यांनी नुसती खुंटी पिळली तरी जमेल की!”

“जमेल ना,” धाकटी म्हणाली. तिने पिशवीतून कानस काढली, अकॉर्डियन मांडीवर उघडलं आणि पहिली पट्टी मुळाशी घासायला घेतली.