दावी बदला

"आपलंच जनावर फिरवण्यात कसली आलीय हुशारी? शेवटच्या फेरीत कालवडींची अदलाबदल करा, मग कळेल कुणाच्या हातात कसब आहे ते!" काउंटीच्या जत्रेतल्या मुलींच्या कालवड फिरवण्याच्या स्पर्धेसाठी कमिटीत वर्लिननं टेबल बडवून हा नियम मंजूर करून घेतला. शेजारच्या ऑर्वलची कालवड आडदांड आहे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. वर्लिनच्या मुलीनं, ट्वायलानं मात्र आपली कालवड हिवाळाभर फिरवून अशी तयार केली होती, की ती नुसत्या इशाऱ्यावर थांबायची. ऑर्वलची कालवडही ती तशीच वळवील आणि सगळ्यांना तिचं कसब दिसेल, असा वर्लिनचा हिशेब होता.

शेवटच्या फेरीत दोघीच उरल्या, ट्वायला आणि ऑर्वलची मुलगी डार्ला. परीक्षकांनी दावी बदलायला सांगितली. ऑर्वलच्या कालवडीनं ट्वायलाला रिंगणभर फरफटत नेलं. ट्वायलाची कालवड डार्लाबरोबर इतकी शहाण्यासारखी चालली, की चषक डार्लालाच मिळाला.

"वर्लिन, लेका, तुझ्या नियमानं आमच्या पोरीचं कल्याण केलं बघ!" ऑर्वलनं त्याच्या पाठीवर थाप मारली.

वर्लिननं टोपी डोळ्यांवर ओढली. केसांतला भुसा झटकत ट्वायला शेजारी येऊन बसली.



"बाबा, पुढच्या वर्षी आपण हिवाळाभर डार्लाचीच कालवड फिरवू या."