न भाजलेला राब

लडकू विळा घेऊन रोपांच्या वाफ्यात उतरला. वाफ्याचा अर्धा भाग राब भाजून केलेला होता. म्हणजे उन्हाळ्यात शेण, पालापाचोळा आणि ऐनाच्या फांद्या जमिनीवर पसरून पेटवल्या होत्या आणि मग तिथं भात पेरलं होतं. तिथली रोपं दरसालसारखी विरळ, पोपटी उभी होती. उरलेला अर्धा वाफा सुनेच्या हट्टापायी न भाजता ठेवला होता. तिथं नुसतं रान माजलं होतं. दाट, काळपट हिरवं, बारा दिवसांत वीतभर.

बारा दिवसांत एवढं भात वाढत नाही. वाढतं ते गवत, हे लडकूला साठ पावसाळ्यांनी शिकवलं होतं.

"लडकू, एक भारा माझ्या बैलांना ठेव रं!" शेजारच्या बांधावरून विठू ओरडला. "सुनेनं गवत झकास पिकवलंय!"

लडकूच्या डोळ्यांपुढे घरातली रिकामी कणगी होती. बियाण्याचा शेवटचा दाणा या वाफ्यात पडला होता. अर्धा वाफा गेला तर अर्धं शेत लावणीवाचून पडणार, नाहीतर विठूकडे रोपं मागायला जावं लागणार. विठू रोपं देईल, नाही म्हणणार नाही. पण दर मुठीबरोबर हसेल.

लडकूने वाकून पहिली मूठ धरली.

"मामा! थांबा!"

त्याची सून शकू बांधावरून धावत येत होती. डोक्यावर पाटी होती. रोज सकाळी ती भिवपुरीच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत दूध घालायची आणि येताना घराघरांतल्या साली, देठं, चहाचा चोथा पाटीत भरून आणायची. ते सगळं गोठ्यामागच्या खड्ड्यात जाई. त्यावर शेण, तूस, मातीचा थर. वर्षभर कुजून काळं झालेलं ते खत तिने या अर्ध्या वाफ्यात पसरलं होतं. लडकूला त्या पाटीची लाज वाटे. आणायचंच असेल तर ओढ्याच्या वाटेनं आण, चावडीवरनं नको, असं त्याने तिला बजावलं होतं.

शकूने पाटी बांधावर उतरवली. "कापताय?"

"मग काय पुजू? गवत हाय सगळं."

"भात हाय."

"बारा दिसांत?"

"उपटून बघा ना. कापल्यावर काय कळणार?"

लडकूने एक रोप उपटलं आणि चरातल्या पाण्यात धुतलं. मुळाशी दाण्याची काहीच खूण नव्हती. नुसते पांढरे तंतू.

"बघ," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, थकवा होता. "गवताचं बी जळून जावं म्हणून राब भाजत्यात. आमच्या बापजाद्यांना काय धूर खायची हौस नव्हती."

शकूचा चेहरा उतरला. ती त्या मुळांकडे बघत राहिली.

"हे गवतच हाय," ती हळूच म्हणाली. "आणखी एक उपटा."

"शकू, नाद सोड गं."

"एकच, मामा. तुमच्या हातानं."

त्याने दुसरं उपटलं, धुतलं आणि डोळ्यांजवळ धरलं. जवळचं त्याला आता दिसत नसे. समोरच्या डोंगरावरची ऐनाची झाडं तो मोजू शकायचा, पण हातातल्या रोपाचं मूळ पुसट झालं होतं. म्हणून त्याने अंगठा फिरवला. जिथं खोड संपून मुळं सुरू होतात तिथं नखाला काहीतरी अडलं. खरखरीत, पोकळ, एका टोकाला टोचरं.

भाताचं टरफल. आतला दाणा रोप खाऊन संपवतं, तरी त्याचं टरफल बरेच दिवस मुळाशी लोंबत राहतं.

त्याने दुसऱ्या कोपऱ्यातलं उपटलं. टरफल. मधलं उपटलं. टरफल. पुढचं गवत निघालं. ते त्याने बांधापार भिरकावलं आणि घाईघाईने पुढचं उपटलं. टरफल.

लडकू मटकन चिखलात बसला. विळा बाजूला पडला.

"मामा, रडताय व्हय?"

"धूर गेला डोळ्यांत."

"ह्या अर्ध्या वाफ्यात धूर कुठला?"

त्यावर दोघंही हसली. लडकू तर खोकला येईपर्यंत हसला. मग डोळे पुसून त्याने डोंगराकडे पाहिलं. त्यांच्या वाट्याचा ऐन दरसाल राबासाठी तोडून तोडून खुंटासारखा उभा असे. यंदा फांद्या अर्ध्याच लागल्या होत्या. त्याच्या एका अंगाला पानं होती.

उपटलेली रोपं लडकूने एकेक करून पुन्हा चिखलात खोचली आणि अंगठ्याने दाबून बसवली.

"काय रं लडकू, माझा भारा?" विठूची हाक आली.

"बैलांना सांग, आज उपास हाय!"

मग तो उठला. खांद्यावरचा पंचा त्याने पिळला, गोल गुंडाळून त्याची चुंबळ केली आणि डोक्यावर ठेवली.

"दे ती पाटी."

"अवो, वास मारतोय तिला."

"मारू दे."

शकूने पाटी त्याच्या डोक्यावर चढवली आणि विळा उचलून ती रोजच्या सवयीने ओढ्याच्या वाटेला लागली.

"तिकडं कुठं गं?" लडकू मागून म्हणाला. "चावडीवरनं चल."