कोपऱ्यातलं स्टूल

लिफ्टमध्ये माणूस अडकला की ती महिनाभर बंद ठेवून तपासायची, हा नियम लिफ्ट-तपासणी खात्याच्या साहेबांनी स्वतः लिहिला होता. तेव्हापासून शहरातून कुणी अडकल्याची एकही तक्रार आली नव्हती. नियमाचा गुण डोळ्यांनी पाहावा म्हणून ते आज या इमारतीत आले. लिफ्टच्या कोपऱ्यात स्टूल, पाण्याची बाटली आणि हातपंखा दिसला. म्हाताऱ्याकोताऱ्यांची केवढी काळजी घेतात, असं म्हणत त्यांनी मनातल्या मनात शाबासकीही दिली.

चौथ्या मजल्याच्या अलीकडे लिफ्ट गचका खाऊन थांबली. घंटी दाबली, ती वाजेचना. साहेब दारावर मुठी आपटत ओरडू लागले.

"हळू, साहेब," फटीतून वॉचमनचा दबका आवाज आला. "बोभाटा झाला तर लिफ्ट महिनाभर बंद. सहाव्या मजल्यावरच्या आजोबांना दिवसाआड दवाखान्यात न्यावं लागतं. उचलून कोण नेणार?"

"अहो, मी तपासणीला आलोय."

"ठाऊक आहे. मेकॅनिकला गुपचूप निरोप धाडलाय, संध्याकाळपर्यंत येईल."

"मला इथे गुदमरतंय."

"सुरुवातीला सगळ्यांनाच होतं तसं. स्टुलावर बसा. पाणी सकाळीच बदललंय."