आधी कुठली गेली?

"दोन्ही डिस्क आज सकाळीच गेल्या, मॅडम," रक्तपेढीचे खुटवड पुन्हा म्हणाले.

डिस्क दुरुस्त करणाऱ्या शलाकानं हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. सर्व्हरमधल्या चार डिस्कपैकी एखादी बंद पडली, तरी उरलेल्या तिन्हींवरून सगळी माहिती परत मिळते. इथं दोन बंद होत्या आणि सुटे भाग तिच्याकडे एकाच डिस्कपुरते होते. दुर्मिळ बॉम्बे रक्तगटाच्या दात्यांची यादी त्या सर्व्हरवर होती. उद्या सकाळी एका बाळंतिणीच्या ऑपरेशनला तेच रक्त हवं होतं.

"जी आधी गेली तिच्यातली माहिती जुनी, ती कामाची नाही. मला शेवटी गेलेलीच दुरुस्त करायला हवी. आधी कुठली गेली?"

खुटवडांनी घाम पुसला.

"दोन नंबरची," ते एकदम म्हणाले. "दिवाळीपासून बंद आहे. साहेब ओरडतील म्हणून कळवलंच नाही."

शलाकानं सकाळी गेलेली चार नंबरची डिस्क उघडली. दोन तासांनी ती सुरू केली, तेव्हा आधी नुसतीच घरघर ऐकू आली. खुटवडांनी डोळे मिटून घेतले. मग स्क्रीनवर एकेक नाव उमटू लागलं.

खुटवड यादीतल्या दात्यांना फोन करत सुटले. तिसरा फोन लागला. कराडचा दाता लगेच निघतो म्हणाला.

"साहेबांना तुम्ही सांगणार का, मॅडम?" खुटवडांनी हळूच विचारलं.

"नाही. तुम्हीच सांगा."

खुटवडांनी होकारार्थी मान हलवली आणि साहेबांचा नंबर लावून फोन पुन्हा कानाला लावला.