शेवटचा सायकलस्वार

या मंडळी, असे जवळ सरकून बसा. आज सगळ्यांत मागे राहिलेल्या माणसाची गोष्ट सांगतो. ऐकाल तर मन हलकं होईल.

क्लन गाव मागे टाकल्यावर जो चढ लागतो, त्या चढावर रोलंड उकिडवा बसून सायकलची साखळी न्याहाळत होता. साखळीला काहीही झालेलं नव्हतं. पन्नास पावलं पुढे डेरिक पाणी प्यायला थांबला होता, आणि तो निघाल्याशिवाय रोलंडला निघता येत नव्हतं.

त्याचं असं झालं. सकाळी इंग्लंडमधल्या लडलो गावच्या चर्चच्या सभागृहात सायकल क्लबचे चाळीस स्वार वर्षाच्या मोठ्या फेरीसाठी जमले. पाद्रीबाबांनी सायकलींना आशीर्वाद दिला, सगळ्यांनी मिळून स्तोत्र म्हटलं, आणि फेरीची व्यवस्था पाहणाऱ्या हिलरीने रोलंडला चहाच्या टेबलामागे बोलावून घेतलं. रोलंडचं वय चौऱ्याहत्तर, फेब्रुवारीत हृदयाची शस्त्रक्रिया झालेली. गेलं आपलं नाव क्लबच्या यादीतून, असंच त्याला वाटलं.

हिलरीने त्याच्या हातात लाल कापडाची पट्टी ठेवली.

क्लबमध्ये ती खूण सगळ्यांना ठाऊक होती. पट्टी ज्याच्याकडे, त्याने अगदी शेवटच्या माणसाच्याही मागे राहायचं, त्याला सुखरूप घरी आणायचं, आणि कोणी आपल्याला सांभाळतंय हे त्या माणसाला कळू द्यायचं नाही.

“डेरिक म्हणून एक जण नवा आलाय,” हिलरी हळू आवाजात म्हणाली. “हृदयाचं दुखणं आहे, आणि भारी मानी आहे रे. संध्याकाळी सहाच्या आत इथे परत आण त्याला.”

सहानंतर येणाऱ्याचं नाव पुढच्या वर्षी यादीत नसे. म्हणजे उशीर झाला तर डेरिकची सायकल सुटणार. आणि साधा एक माणूस वेळेत आणता आला नाही, तर रोलंडला तरी कोण ठेवून घेणार होतं? त्याने पट्टी खिशात घातली. तिची एक कड सरळ होती, दुसरीचे दोरे लोंबत होते. बाईने टेबलावरचं जुनं कापड फाडलेलं दिसतं, असं त्याच्या मनात आलं.

डेरिक चांगलाच थकलेला माणूस होता. प्रत्येक चढावर मध्येच उतरून चालू लागे. नेमकी त्याच वेळी रोलंडलाही धाप लागलेली असे, त्यामुळे त्यालाही उतरायला निमित्त मिळे. ‘बिचारा,’ म्हणत तो मनातल्या मनात देवाचे आभार मानी.

माळावर मेंढ्यांसाठी घातलेलं फाटक लागलं. डेरिक ते उघडून धरून उभा राहिला.

“व्हा पुढे,” तो म्हणाला.

“छे छे, तुम्ही आधी.”

“अहो, फाटक मी धरलंय ना.”

“मग आता मी धरतो.”

दोघेही हसत उभे राहिले. मेंढ्या मात्र एकेक करून दोघांच्या मधून निसटू लागल्या. त्या वळवून आणण्यात वीस मिनिटं गेली, आणि त्या गडबडीत दोघं एकदमच बाहेर पडले.

दुपारी नदीकाठच्या चहाच्या दुकानात डेरिकने आपली ओट्सची वडी अर्धी मोडून रोलंडला दिली. जेवणानंतर गोळ्या विसरू नयेत माणसाने, असं म्हणत त्याने स्वतःची डबी काढली, तेव्हा रोलंडलाही आपली आठवली. मग बोलता बोलता ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं. डेरिकची बायको दोन वर्षांपूर्वी वारली होती. रविवारी चर्चमध्ये गायचं आणि शनिवारी सायकल चालवायची, एवढंच आता उरलंय, असं तो म्हणाला. त्यानंतर रोलंड घड्याळाकडे जास्तच वेळा पाहू लागला.

रान संपलं, उतार संपला, फुललेल्या सफरचंदांच्या बागा सुरू झाल्या. आता फक्त सात मैल. आणि तिथे रोलंडचंच चाक बसलं.

पाच वाजून गेले होते. रोलंडला फक्त रडू यायचं बाकी राहिलं होतं. आपल्यापायी या माणसाचा शनिवार जाणार.

“तू हो पुढे,” तो म्हणाला. “मी येतो मागून.”

“मला रस्ता आठवत नाही,” डेरिक म्हणाला, आणि गुडघे टेकून त्याने टायर काढायलाही घेतला. “आणि तुझी पंक्चर काढायची पद्धत बघितली, तर नाताळ इथेच होईल.”

रस्त्याकडेला गावाच्या नावाची पाटी होती, तिच्यावर ‘लडलो सात मैल’ असंही होतं. डेरिकची तिच्याकडे पाठ होती. रोलंडने ती दाखवली नाही. मानी माणूस, उगाच ओशाळायचा.

सभागृहाच्या दाराशी पोचले तेव्हा सहाला चार मिनिटं कमी होती. दारातही तेच. आधी तू, आधी तू. शेवटी आतून हिलरी ओरडली की चहा गार होतोय, या दोघेही. तेव्हा दोघं खांद्याला खांदा घासत एकदमच आत शिरले.

हिलरीने दोन्ही नावांपुढे खूण केली आणि पेन्सिल खाली ठेवली. तिने इतका मोठा श्वास सोडला की किटलीच्या वाफेची दिशा बदलली. रोलंडच्या छातीवरचा दगड उतरला. दिवसभर घोकलेलं वाक्य आता सांगायचं, म्हणून त्याने खिशात हात घातला.

“तुझा शेवटचा माणूस सुखरूप आणला, हिलरी,” डेरिक हळूच तिच्या कानाशी म्हणाला, आणि त्याने बशीखाली लाल कापडाची एक पट्टी सरकवली. तिची एक कड सरळ होती, दुसरीचे दोरे लोंबत होते.

मंडळी, संध्याकाळी देवापुढे दिवा लावाल, तेव्हा हिलरीबाईची आठवण ठेवा.