तिसरं नाव

टेबलावर पाच मुलांचे फोटो होते. त्यातले दोन समजुबेननी उचलून हातात घेतले होते. तिसरा काही उचलवत नव्हता.

राजकोटच्या त्या संस्थेत जन्मतः बहिऱ्या मुलांच्या कानाचं ऑपरेशन होई. सुरतेचे हिरेवाले नागजीभाई तिघांचा खर्च करणार होते, आणि मुलं निवडायचं काम त्यांनी बायकोवर, समजुबेनवर, सोपवलं होतं. आता मात्र तेच मध्ये मध्ये बोलत होते. आपल्या अमरेलीकडची मुलगी घे, गावात चार माणसांना कळेल, असं त्यांचं म्हणणं. संस्था चालवणाऱ्या इलाबेन सांगत होत्या, की मूल जितकं लहान तितका उपयोग जास्त. त्यांच्या मुलानं तर फोनवर वेगळंच काढलं: एवढ्या पैशांत शेकडो म्हाताऱ्यांचे मोतीबिंदू निघतील. समजुबेनना तिघांचंही पटत होतं.

शेवटी त्या उठल्या. मुलांना एकदा बघून येते म्हणाल्या.

शेजारच्या खोलीत पाच आया आपापलं मूल घेऊन बसल्या होत्या. समजुबेन दिसताच सगळ्या उभ्या राहिल्या. आधी कुणाशी बोलावं, समजुबेनना कळेना.

दोन वर्षांची पोर कडेवर घेतलेली एक बाई पुढे आली. त्या पोरीचा फोटो समजुबेनच्या हातातच होता. बाईनं बाजूच्या बाईच्या मुलीला हाताला धरून पुढे केलं.

"बा, हिचं आधी करा. हिला सहा पुरी होतायत, मग डॉक्टर नाही म्हणतील. माझी लहान आहे, थांबेल."

त्या मुलीची आई मान वर करेना.

"ही तुझी कोण गं?" समजुबेननी विचारलं.

"कोणी नाही. सकाळी एकाच बसनं आलो."

समजुबेन परत आल्या. हातातले फोटो त्यांनी टेबलावर ठेवले, पुन्हा उचलले, पुन्हा ठेवले. कोण ठरलं, असं नागजीभाईंनी दोनदा विचारलं.

"अहो, आपण तीनच का म्हटलं होतं?"

"तीन नातवंडं ना आपल्याला. एकेकाच्या नावानं एकेक."

एवढं बोलून नागजीभाई इलाबेनकडे बघत राहिले. जणू ते उत्तर दुसऱ्याच कुणी दिलं होतं, आणि ऐकताना त्यांनाच ते तोकडं वाटलं होतं.